अडलेली पाहुणी

डोळखांबकडच्या एका उपकेंद्रात मी नर्स म्हणून सात वर्षं काढली. नव्वदीच्या दशकाची अखेरची वर्षं ती. त्या काळात माझ्या हातून झालेल्या प्रत्येक बाळंतपणाची नोंद रजिस्टरात आहे. एक मात्र तिथे नाही, कारण ते एका सरड्याचं होतं. आता निवृत्त झाल्यावर कोणी नोकरीतली आठवण विचारली की मी तीच आधी सांगते. ऐकणारे हसतात. हसू देत. नोकरीत दोन प्रशस्तिपत्रं मिळाली, ती कपाटात कुठेतरी आहेत. ही गोष्ट मात्र मी दर वेळी मान वर करून सांगते.

उपकेंद्र म्हणजे पुढे दोन खोल्या, तपासणीची आणि बाळंतपणाची, आणि मागे माझ्या राहण्याच्या दोन. यजमान मुरबाडला शाळेत शिक्षक. ते शनिवारी येत आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जात. मुलगी चौथीत होती, ती माझ्याजवळ.

त्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मुलगी शाळेतून आली ती हातात एक लांब फांदी आडवी धरून. फांदीवर घोयरा. रंग बदलणाऱ्या सरड्याला आमच्याकडे घोयरा म्हणतात. वीतभर लांब, पाठीवर करवतीसारखी धार, शेपटी गुंडाळलेली, आणि दोन डोळे दोन वेगळ्या दिशांना फिरणारे. पुढचा एक पाय सुजून लोंबत होता. बांधावर चार माणसं त्याला दगड मारत होती. घोयऱ्याची फुंकर लागली की माणूस वाळत जातो, असं तिकडे पुष्कळ जण मानत. मुलगी त्या माणसांच्या आणि घोयऱ्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली होती.

"तुला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली ना," ती म्हणाली. "पण त्याला जास्त वाटत होती. तो काळा पडला होता."

नऊ वर्षांच्या मुलीने हे सांगितल्यावर फांदी बाहेर ठेवून ये म्हणण्याची माझी छाती झाली नाही. मी जखम धुतली, जांभळं औषध लावलं आणि डालड्याच्या मोठ्या डब्यात तगरीची फांदी रोवून त्याला मागच्या खोलीत खिडकीशी ठेवलं. मुलगी त्याला पाहुणा म्हणू लागली. पाय बरा झाला की पाहुण्याने जायचं, असं आमचं ठरलं होतं.

पाय पंधरा दिवसांत बरा झाला. पाहुणा राहिला. मुलीने नाकतोडे पकडायची विद्या एवढी कमावली होती की शाळेतून येताना तिच्या कंपासपेटीत खडखड वाजायची. पाहुण्याची जीभ त्याच्या अंगाएवढी लांब सुटायची आणि नाकतोडा पुढच्या क्षणी तोंडात असायचा. भांड्यातलं पाणी तो पीत नसे. पानांवर पाणी शिंपडलं की एकेक थेंब टिपायचा. हेही मुलीनेच शोधून काढलं. तपासायला येणाऱ्या बायका दारातून डोकावून बघत आणि पदर तोंडाला लावत. कोणी वाळत गेलं नाही, हे बघून हळूहळू आत येऊ लागल्या.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली तेव्हा पाहुण्याने खाणं सोडलं.

ते दिवस माझ्या फार गडबडीचे. भातं कापून झाली की पाड्यांवरची माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघून जात. त्यांच्यातल्या गरोदर बायकांना त्याआधी गाठायचं, सुया द्यायच्या, लोहाच्या गोळ्या पुरेशा बांधून द्यायच्या, म्हणून मी दिवसभर पाडे चालत असे. संध्याकाळी घरी आले की मुलगी सांगायची, "आई, आज पण खाल्लं नाही. खाली उतरतो आणि कोपरा खरवडतो." मी हो हो म्हणायचे. पोट फुगलेलं मला दिसत होतं, पण जंत असतील किंवा एवढे नाकतोडे खाऊन बद्धकोष्ठ झालं असेल, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. चार दिवसांनी तो भर दुपारी डोळे मिटून बसू लागला. डोळे आत ओढले गेले होते. तेव्हा मला जाग आली. मी बाळांचे डोळे असे खोल गेलेले पाहिले होते, अंगातलं पाणी आटलं की होतात तसे.

दुसऱ्या दिवशी शहापूरला आमची मासिक सभा होती. मी भाकरीच्या टोपलीत पाला घातला, त्यावर पाहुण्याला ठेवलं, वरून ओलं फडकं बांधलं आणि एसटीत टोपली मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने कोंबडीचं तिकीट लागेल म्हटलं. कोंबडी नाही म्हटल्यावर त्याने फडक्याची कड उचलून बघितली आणि फडकं टाकून पुढच्या सीटकडे वळला. सभेत टोपली खुर्चीखाली होती. बाकीच्या नर्सेसना वाटलं, मी दिवाळीचं काही विकायला आणलंय.

सभा संपल्यावर मी गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर नवीनच लागले होते, पंचविशीचे. बाहेर एक बैल आणि दोन शेळ्या थांबल्या होत्या. माझी पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी फडकं काढलं आणि मागे सरकले. मग लगेच पुढेही आले. मला ते आवडलं.

"ताई, खरं सांगतो," ते म्हणाले, "मला गाय-म्हैस-शेळी शिकवलंय. सरडा कोणी शिकवला नाही."

"मलाही नाही," मी म्हटलं. "पण आपण दोघं मिळून बघू."

त्यांनी पाहुण्याला तळहातावर घेतलं आणि अंगठ्याने पोट अगदी हलकं चाचपलं. चेहरा बदलला. मग माझं बोट धरून तिथे लावलं. "लागतंय काही?"

लागत होतं. वाटाण्याच्या शेंगेतले दाणे शेंगेवरून लागावेत तसं, एकापुढे एक.

"हा नर आहे हे कोणी सांगितलं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

कोणीच सांगितलं नव्हतं. बायकांची पोटं तपासण्यात माझी हयात गेली, आणि माझ्याच घरात महिना-दीड महिना पोटुशी असलेला जीव मला ओळखता आला नव्हता. डॉक्टर तरुण होते, त्यांना हसू आलं, मलाही आलं. पण त्यांनी लगेच सांगितलं की हसण्यासारखं नाही. अंडी आतच राहिली तर ती मरेल. म्हशींना देतात ते कळा आणणारं इंजेक्शन त्यांच्याकडे होतं, पण एवढ्याशा जिवाला किती द्यायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि अंदाजाने द्यायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी कॅल्शियमचं पातळ औषध दिलं, थेंब थेंब तोंडात सोडायला सांगितलं. "तीन दिवस बघा. नाहीच झालं तर या, मग इंजेक्शन देऊन बघू. आणि ताई, ही बरी झाली की सोडून द्या. रानातलं जनावर घरी ठेवायला परवानगी नसते."

घरी आल्यावर मी मुलीला सांगितलं की पाहुणा नाही, पाहुणी आहे. तिने एवढंच विचारलं, "मग ती कोपरा का खरवडते?" मी ड्रॉपर शोधायला उठले.

दोन दिवस मी ड्रॉपरने पाणी आणि औषध देत राहिले. पोट तसंच. पाहुणी खाली उतरायची, भिंतीच्या कडेने फिरायची, कोपऱ्यातली सिमेंटची जमीन पुढच्या पायांनी ओरबाडायची आणि दमून तिथेच पडायची. तिची नखं झिजून गेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला मांडीवर घेतलं, बोटाला खोबरेल लावलं आणि पोट वरून खाली दाबून बघू लागले. बाळंतपणाच्या टेबलावर वेळ लागायला लागला की आम्ही करायचो तसंच.

"दाबू नको, बाय. फुटंल आत."

दारात पाड्यावरची सुईण उभी होती. तिची ओळख करून द्यायला हवी. साठी ओलांडलेली, काटकीसारखी बारीक, चालण्यात मला हरवणारी बाई. आसपासच्या पाच पाड्यांवरची निम्मी माणसं तिच्या हातांत जन्मलेली. बायकांनी घरी बाळंत न होता उपकेंद्रात यावं, हे बघणं माझं काम होतं. बायका तिलाच बोलावत. त्यामुळे आमचं सख्य नव्हतं. भांडणही नव्हतं. एखादं मूल झालं की ती नोंद सांगायला यायची, बाहेरच्या पायरीवर बसून बाळाचं आणि बाळाच्या आईचं सांगायची आणि नाळ कापायला नवीन ब्लेड घेऊन जायची. आत कधी येत नसे. त्या दिवशी पहिल्यांदा ती आत आली.

"हिला कधीपासून असं हाय?"

"आठ दिवस होतील. अंडी आहेत पोटात. डॉक्टरांना दाखवलं."

ती उकिडवी बसली. पाहुणीला हात लावला नाही, नुसती बघत राहिली. मी तिला जमिनीवर सोडलं तशी पाहुणी पुन्हा कोपऱ्याकडे निघाली आणि सिमेंट खरवडू लागली.

"आडलीय ती," सुईण म्हणाली. "पर आंगानं नाय आडली. जाग्यानं आडलीय. तिला माती पायजे, आन् तू सिमिटावर ठेवलीस."

मुलगी माझ्याकडे बघत होती.

सुईणीने अंगणात फिरून जागा निवडली. उपकेंद्रामागे करवंदीच्या जाळीपाशी, जिथे सकाळचं ऊन येतं आणि पावसाचं पाणी साचत नाही तिथे. कोयत्याने हातभर खोल माती उकरून भुसभुशीत केली, दगड वेचून टाकले, माती परत लोटली, कळशीभर पाणी शिंपडलं, मूठ वळून बघितली. मूठ सोडल्यावर गोळा जेमतेम टिकेल इतपतच ओल हवी, म्हणाली. मग भोवती आडोशाला पळसाच्या फांद्या खोचल्या. मी पाहुणीला आणून ठेवलं.

"आता चला सगळी," सुईण म्हणाली. "कोन बघायचं नाय."

"पण काही झालं तर?"

"बघत राहिलो तं कायच नाय व्हनार. कोन बघतंय म्हनलं का कळ मागं जाते. बाईचीबी जाते. तुला म्हाईत नाय काय?"

मला माहीत नव्हतं, असं म्हणवत नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात एक पहिलटकरीण माझ्याकडे आली होती. घरून निघाली तेव्हा चांगल्या कळा होत्या. माझ्या टेबलावर आडवी झाली, वर ट्यूबलाइट, दार उघडं, समोर मी, शिपाई ये-जा करतोय. कळा थांबल्या त्या थांबल्याच. मी घाबरून तिला जीपने शहापूरला पाठवलं, आणि सोबत तिची सासू तेवढी होती. जीप निम्म्या वाटेवर असताना ती मागच्या सीटवर सुखरूप मोकळी झाली. तेव्हा मी त्याला नशीब म्हटलं होतं. करवंदीपासून उपकेंद्राच्या पायरीपर्यंत चालत येईतो मला कळलं की ते नशीब नव्हतं.

आम्ही तिघी पायरीवर बसलो. सुईण पहिल्यांदा माझ्या हातचा चहा प्यायली. मुलगी दर पाच मिनिटांनी उठायची आणि सुईण तिचा फ्रॉक धरून खाली बसवायची. तासाभराने मुलीला लांबून, पोटावर पडून बघायची परवानगी मिळाली. ती धावत आली. "नुसती शेपटी दिसते. बाकी सगळी आत."

दुपार सरली. मध्ये मी दोन पेशंट तपासले, एका मुलाच्या कानातली वाटाण्याची डाळ काढली, पण लक्ष मागेच होतं. उन्हं उतरताना सुईण उठली, फांद्या बाजूला केल्या आणि मला हाताने बोलावलं. पाहुणी मातीवर आडवी होती. चिखलाने माखलेली, पोट पार रिकाम्या पिशवीसारखं, अंग करडं. भोक मात्र तिने बुजवलं होतं, वरची माती सारखी केली होती. इतकी थकलेली असूनही ते काम तिने अर्धवट सोडलं नव्हतं.

"झाली मोकळी," सुईण म्हणाली. "आता तुझं काम, बाय. पुढचं माज्यानं नाय व्हत."

हे वाक्य मी फार जपून ठेवलं आहे. कारण पुढचं खरंच माझं काम होतं आणि ते मला येत होतं. पाहुणीला फांदी धरता येत नव्हती. तोंड उघडत नव्हतं. मी जलसंजीवनीची पुडी घेतली, नेहमीपेक्षा दुप्पट पाण्यात कालवली आणि ओठांच्या कडेला ड्रॉपरने एकेक थेंब लावत बसले. बाळ अशक्त असलं की दूध असंच लावावं लागतं, घाई केली की ठसका लागतो. अर्ध्या तासाने थोडे थेंब, मध्ये कॅल्शियम, सकाळी कोवळ्या उन्हात ठेवायचं, ऊन चढलं की सावलीत. दोन दिवस पाड्यांवर जाताना टोपली मी बरोबर नेली. गरोदर बायकांना गोळ्या देता देता हिलाही थेंब देत होते. बायका बघायच्या आणि विचारायच्या, "किती झाली तिला?" जणू कोणी शेजारीण बाळंत झाली होती. एका पाड्यावरच्या म्हातारीने तिच्यासाठी पानात गुंडाळून चार किडे आणून दिले.

तिसऱ्या दिवशी पाहुणीने डोळा उघडला. एकच, पण तो फिरवला. चौथ्या दिवशी मुलीने नाकतोडा समोर धरला, आणि ती जीभ, जी दहा-बारा दिवस दिसली नव्हती, सुटली. नेम चुकला. मुलगी नाकतोडा आणखी जवळ घेऊन गेली. दुसऱ्यांदा नेम बसला. त्या दिवशी दुपारपर्यंत पाहुणी हिरवी झाली. औषधाने, पाण्याने आणि हाताने एवढासा जीव मागे आणला, असं मी स्वतःशी मोठ्याने म्हटलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही तिला करवंदीच्या जाळीत सोडलं. मुलगी रडली, पण फांदी तिनेच धरली होती आणि हात हलू दिला नाही. पाहुणी एक पाय पुढे, एक पाय मागे अशी डुलत डुलत आत गेली आणि पानांच्या रंगात मिसळली. पुढच्या सभेच्या दिवशी मी गुरांच्या डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी वही काढली आणि माती किती खोल, ओल किती, जागा कशी, हे लिहून घेतलं. "कोणी सांगितलं म्हणून लिहू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सुईणीने."

त्यानंतर मी बाळंतपणाच्या खोलीला पडदा शिवला. शिपायाची ये-जा बंद केली. आणि पाड्यावर जाऊन सुईणीला सांगितलं, "मावशी, यापुढे बाई इकडे आणलीत तर तुम्हीही आत यायचं. तिच्या उशाशी तुम्ही, बाकीचं मी." तिने लगेच हो म्हटलं नाही. दोन महिने वाट बघायला लावली. मग एका सकाळी आपल्या नातसुनेलाच घेऊन आली. मुलगी झाली. त्यानंतर येणाऱ्या बायका वाढल्या. वरच्या साहेबांनी एका बैठकीत कारण विचारलं तेव्हा मी सुईणीचं सांगितलं. सरड्याचं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मे महिन्यात माझी बदली मुरबाडला झाली. यजमान तिथेच होते, त्यामुळे घरी आनंद होता. पण करवंदीपाशी माती तशीच होती, अंडी काही फुटली नव्हती, आणि मुलगी निघायला तयार नव्हती. सुईणीने काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं, वरून कोंबड्यांनी उकरू नये म्हणून जुनं सूप टाकलं आणि मुलीला म्हणाली, "मी हाय ना गो. मी कवा कोनाला सोडून गेलेय?"

जुलै अर्धा उलटला असेल. मुरबाडच्या दवाखान्यात मी लसीकरणाला बसले होते. समोर बायकांची रांग. रांगेच्या शेवटी छत्री गळत असलेली, पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले, सुईण उभी. डोळखांबहून शहापूर, शहापूरहून मुरबाड, अशा दोन एसट्या बदलून आली होती. तिच्या पाड्यावर काही अघटित घडलं असेल, असंच वाटलं. मी सुई खाली ठेवून उठले.

"मावशी, काय झालं?"

"बाय, निंगाली," ती म्हणाली. "नखाएवडाली हायती. चौदा मी मोजली, आनखी पाल्यात गेली आसतील. शेपटी आतापास्नं गुंडाळतात."

"हे सांगायला एवढ्या लांब आलात?"

"मंग? बाळ झालं तं आईच्या मानसाला सांगाया नको?"

दवाखान्यातले दोन डॉक्टर आणि माझ्या नव्या सहकारी आमच्याकडे बघत होत्या. कोण या, असं एकीने विचारलं. मी मावशींना माझ्या खुर्चीवर बसवलं. रांगेतल्या बायकांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की या डोळखांबकडच्या सुईण, आणि बाळंतपणातलं जे कोर्समध्ये शिकवलं नव्हतं ते मी यांच्याकडून शिकले. मावशींनी पदराने तोंड पुसलं आणि रांगेतल्या पहिल्या बाईचं बाळ बघायला हात पुढे केले.

शाळा सुटल्यावर मुलगी तिथे आली. तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, कुठल्या रंगाची, कशी बाहेर आली, पहिल्यांदा काय खाल्लं. मावशी सांगत राहिल्या, आणि त्यांची शेवटची एसटी चुकली, म्हणून त्या रात्री त्या आमच्याकडेच राहिल्या.